खड्ड्याला अनुदान मिळतं, शेणाला?

दुधाच्या दरावर आंदोलनं होतात, पेंडीच्या भावावर होतात, फॅटच्या मशीनवर तर गावोगाव भांडणं होतात. शेणावर कुणी भांडत नाही. परसात दोन जनावरं होती तोवर ते ठीक होतं. गोवऱ्या थापल्या, अंगण सारवलं, उरलेलं उकिरड्यात गेलं आणि उन्हाळ्यात बैलगाडीनं शेतात. पण एचएफ गाय दिवसाला पंधरा-वीस किलो शेण टाकते आणि आता एका शेडखाली अशा वीस-वीस गाई उभ्या असतात. पाइप लावून गोठा धुतात, ते पाणी गटारातून ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला मिळतं. मुंबईत आरेच्या तबेल्यांचं शेण मिठी नदीत जातं म्हणून आपण बरीच वर्षं नाकं मुरडली. आता तीच तऱ्हा लहान प्रमाणात पंचगंगेकाठच्या गावागावांत आहे.

खालचं बोलणं अशाच एका गावातलं आहे. दोघंही माझ्या जवळचे, म्हणून नावं घालत नाही. भाची वीस गाईंचा गोठा चालवते. मामा पंचायत समितीच्या कृषी विभागातून निवृत्त झालेले. गोबरगॅसची उद्दिष्टं वरून यायची त्या काळात ती ज्यांच्या माथी पडायची, त्यांतले एक. भाचीनं बायोगॅसच्या अनुदानाचा अर्ज भरून आणला होता आणि मामांनी तो तपासून द्यावा एवढीच तिची अपेक्षा होती. मामांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं आणि अर्ज बाजूला ठेवला.

मामा : भरू नकोस असं मी म्हणत नाही. पण पैसे आले म्हणजे शेणाचं काम झालं, असं धरून चालू नकोस. १९८१-८२ ला राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून मी हे वाटप बघितलंय. तालुक्याला आकडा यायचा, अमुक इतकी संयंत्रं मार्चअखेर. बांधली किती, एवढंच विचारायचे. चालतात किती, हे मला माझ्या सगळ्या नोकरीत एकाही साहेबानं विचारलं नाही.

भाची : पण तुम्ही बांधलीत म्हणून तर आज आहेत ना? देशात पन्नास लाखांच्या आसपास घरगुती संयंत्रं झाली, त्यांतली नऊ लाखांवर एकट्या महाराष्ट्रात. आपला जिल्हा तर कायम पुढे. त्यातली कितीतरी बंद आहेत, कबूल. अनुदानच नसतं तर चालू आहेत तीही नसती.

मामा : बंद का पडली ते सांग.

भाची : लोकांनी लक्ष दिलं नाही.

मामा : हे आमच्या अहवालातलं वाक्य झालं. आम्हीही असंच लिहायचो, लाभार्थ्याची उदासीनता. खरं काय व्हायचं ते ऐक. बांधलं तेव्हा दारात बैलजोडी, म्हैस, दोन गाई. त्या हिशेबानं सहा घनमीटरचं संयंत्र मंजूर केलं, कारण मोठ्या मापाला अनुदान जास्त. पुढं ट्रॅक्टर आला, बैल विकले. म्हैस गाभण राहीना म्हणून तीही गेली. उरली एक गाय. सहा घनमीटरला दीडशे किलो शेण लागतं रोज, एक गाय कुठून देणार? गॅस कमी पडला की बाई पुन्हा चुलीकडे वळली. २०१६ ला उज्ज्वला आली आणि सिलिंडर दारात आल्यावर ते खड्डे कायमचे विसरले गेले. एका गड्यानं तर खादी आयोगाच्या मॉडेलची ती लोखंडी टाकी काढून उलटी केली, जनावरांना पाणी पाजायला. उत्तम हौद झाला होता, मी स्वतः बघितलाय.

(टाकीची गोष्ट मामा नेहमी सांगतात आणि दर वेळी तिच्यात थोडी भर पडते. पण जनावरं कमी झाली म्हणून संयंत्रं मेली, हे गावोगाव खरं आहे. तरंगत्या टाकीच्या जागी पुढे विटांच्या घुमटाचं जनता मॉडेल आलं, मग १९८४ मध्ये दीनबंधू. टाकी गंजण्याचा प्रश्न सुटला, शेणाचा सुटला नाही.)

भाची : माझ्याकडे शेण कमी पडणार नाही. मी आठवडाभर पाट्या मोजल्यात. दिवसाला पावणेचारशे किलो. किलोला चाळीस लिटर गॅस धरला तर पंधरा घनमीटर होतो. म्हणून अर्ज पंधराचा आहे. केंद्राचं अनुदान ३७,९५० रुपये. गवंड्यानं खर्च अडीच लाख सांगितला.

मामा : आणि पंधरा घनमीटर गॅसचं करणार काय?

भाची : स्वयंपाक.

मामा : स्वयंपाकाला दोन घनमीटर पुष्कळ झाले. एक घनमीटर म्हणजे साधारण ४३० ग्रॅम सिलिंडरचा गॅस. पंधराचा हिशेब कर, रोज साडेसहा किलो. सव्वादोन दिवसांत एक सिलिंडर होतो! तुमच्या घरात माणसं किती, सहा? बाकीचा गॅस कुठं जाणार?

भाची : पाणी तापवायला, कासं धुवायला. गॅसवर चालणारा जनरेटर घेतला तर कडबाकुट्टी आणि दूध काढायचं मशीन त्यावर चालेल.

मामा : जनरेटरला अनुदान आहे या अर्जात?

भाची : नाही.

मामा : मग गॅस हवेत सोडणार. आणि तिथंच माझं खरं दुखणं आहे. मिथेन वीस वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पट उष्णता धरतो. आपल्या उकिरड्यात शेण बरंचसं कोरडं, उघड्या हवेत पडतं, त्यातून मिथेन तसा कमीच निघतो. हवा न लागणाऱ्या बंद खड्ड्यात मात्र आपण तो मुद्दाम तयार करतो. जाळला तर उत्तम. घुमटाला चीर असली, पाइप गळका असला, उरलेला गॅस सोडून दिला, तर आपण सरकारी पैशानं मिथेनचा कारखाना काढला असं होतं. उकिरड्यापेक्षा वाईट.

भाची : म्हणजे काहीच न करणं बरं?

मामा : तसं नाही म्हणत मी.

भाची : तसंच होतंय ते. मामा, माझ्याकडे उकिरडा कुठाय? तुम्ही अजून दोन बैलांच्या काळातला उकिरडा बघताय. माझ्या गोठ्यात शेण पाण्याबरोबर गटारात जातं. ते कोरडं नसतं, ओढ्याच्या कडेला साचून आंबतं. पावसाळ्यात डास, माश्या, शेजाऱ्यांच्या विहिरीच्या तक्रारी. गेल्या वर्षी ग्रामपंचायतीची नोटीस आली. तुमचा मिथेनचा हिशेब माझ्या गटाराला लावा, मग बोला.

इथं भाची बरोबर होती आणि मामांनाही ते कळलं, कारण त्यांनी सुपारी कातरायला घेतली. कोरडा उकिरडा आणि ओलं गटार हा फरक छोटा वाटला तरी अनुदानाच्या सगळ्या वादाचा पाया तो आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात शेणाच्या अनुदानावर जे राजकारण चाललंय, तेही याच फरकावर उभं आहे. भाचीनं तिकडचे व्हिडिओ बघितले होते, त्यामुळे विषय तिकडे गेलाच.

भाची : कॅलिफोर्नियानं २०१६ ला कायदाच केला. २०१३ मध्ये जेवढा मिथेन जात होता त्यापेक्षा ४० टक्के कमी, २०३० पर्यंत. आणि नुसता कायदा केला नाही, डेअरीवाल्यांना पैसेही दिले. कारखान्यांना कार्बन सोडायचे परवाने लिलावात विकतात, त्यातून आलेला पैसा. एक योजना बंदिस्त बायोगॅससाठी आणि दुसरी त्यांच्यासाठी ज्यांना बायोगॅस नको. पाण्यानं धुण्याऐवजी शेण खरवडून काढायचं, पिळून घट्ट आणि पातळ वेगळं करायचं, कंपोस्ट करायचं, त्यालाही अनुदान. मला ही दुसरी योजना आवडली.

मामा : तिथं शेण पाण्यानं वाहवून मोठ्या तळ्यात सोडतात. तळ्यात हवा नाही, मिथेन मोकाट. म्हणून तळ्यावर झाकण घातलं की मोठी घट होते, पैसे देणाऱ्याला आकडा दाखवता येतो. आणि त्याची दुसरी बाजू तुझ्या व्हिडिओत होती का? झाकणाखालचा गॅस वाहनांचं इंधन म्हणून विकला की क्रेडिटचे वेगळे पैसे मिळतात. मग जेवढं शेण जास्त तेवढी कमाई. हजारो गाईंच्या डेअऱ्यांना ते परवडतं, लहानांना नाही. आणि आजूबाजूच्या वस्त्यांमधले लोक म्हणतात, आमच्या पाण्यात नायट्रेट आहे, आमच्या नाकाला वास आहे, आणि पैसा त्यांना मिळतोय ज्यांनी हे केलं.

भाची : मी हजारो गाईंची नाही.

मामा : तू ना हजारोंची, ना दोनची. तिथंच तुझी पंचाईत आहे.

हा मुद्दा मामांनी पुढे बराच वेळ खेचला, आणि तो खेचण्यासारखा होताच. आपल्याकडच्या योजना दोन टोकांना बांधलेल्या आहेत. खालच्या टोकाला दोन-चार जनावरांचं घर. राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात दोन ते चार घनमीटरच्या संयंत्राला १४,३५० रुपये, शौचालय जोडलं तर आणखी १,६०० आणि काही जिल्हा परिषदा आपल्या निधीतून वर थोडी भर घालतात. गोठा पक्का करायचा तर रोजगार हमीतून, दोन ते सहा जनावरांसाठी ७७,१८८ रुपये, त्यात गव्हाण आणि मूत साठवायची टाकीही धरलेली. वरच्या टोकाला मोठे प्रकल्प. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात गोबरधन योजनेखाली ५०० नवे प्रकल्प आणि १०,००० कोटींची गुंतवणूक जाहीर झाली. पशुसंवर्धन पायाभूत सुविधा निधीत शेणापासून संपत्तीचे प्रकल्पही आता बसतात, पण तिथं मिळते ती कर्जाच्या व्याजात तीन टक्क्यांची सवलत. कर्ज काढायला प्रकल्प अहवाल लागतो, तारण लागतं, बँकेचा मॅनेजर ओळखीचा लागतो. वीस गाईंची बाई या दोन टोकांच्या मधे उभी असते, आणि ओढ्यात सगळ्यात जास्त घाण सोडणारा वर्गही नेमका हाच. दोन गाईंवाला सोडू शकत नाही, दोनशे गाईंवाल्याला प्रदूषण मंडळ दिसतं.

मामा : म्हणून मी म्हणतो, खड्ड्याला पैसे देण्यापेक्षा शेणाला भाव द्या. छत्तीसगडनं २०२० मध्ये दोन रुपये किलोनं शेण विकत घेतलं. गोळा करायला माणसं, गांडूळखत करायला बचत गट.

भाची : आणि सरकार बदलल्यावर?

मामा : योजना बाजूला पडली.

भाची : मग? भाव सरकारनं द्यायचा म्हटलं की तो पाच वर्षांचा झाला. माझा खड्डा निदान पाच वर्षांनी उठून जाणार नाही.

मामा : बरं, सरकारचं सोड. गुजरातेत आणंद जिल्ह्यात झकरियापुरा म्हणून गाव आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं तिथं घराघरांत प्लॅस्टिकच्या पिशवीची बायोगॅस संयंत्रं बसवली, आणि बायकांची सहकारी संस्था काढली. गॅस त्यांच्या चुलीला. खरी गंमत गॅस निघाल्यावर उरणाऱ्या स्लरीत आहे. संस्था स्लरी तपासते आणि प्रतीप्रमाणे लिटरला पाऊण ते दोन रुपये देते. मग त्याचं खत करून शेतकऱ्यांना विकते. दूध जसं डेअरीला जातं तशी स्लरी जाते. तिथं कुणाला सांगावं लागत नाही की संयंत्र चालू ठेव. दोन दिवस शेण घातलं नाही तर पैसे बुडतात.

भाची : तोच हिशेब मी केलाय. पावणेचारशे किलो शेण, तेवढंच पाणी, म्हणजे दिवसाला साडेसातशे लिटर स्लरी. महिन्याला साडेबावीस हजार लिटर. सगळ्यात कमी दर धरा, पाऊण रुपया. १६,८७५ रुपये.

मामा : महिन्याला?

भाची : महिन्याला. म्हणजे अनुदानाचे ३७,९५० रुपये तिसऱ्या महिन्यात वसूल. पण तो दर झकरियापुऱ्यात मिळतो, आपल्या गावात नाही. इथं मला कोण देणार? फुकट न्या म्हटलं तरी टँकर कुणाचा यावरून अडतं. आणि सरकार खतासाठी टनाला दीड हजार रुपये देतं म्हणतात, तेही विचारून आले. ते नोंदणीकृत मोठ्या प्रकल्पांच्या खताला आहेत. माझ्या खड्ड्यातली स्लरी कुठल्याच रजिस्टरात बसत नाही.

मामांनी हा आकडा कागदाच्या मागे स्वतः पुन्हा मांडून बघितला. तो बरोबर होता. मला वाटतं, त्या दुपारी दोघांच्या बोलण्यात सगळ्यात मोलाची गोष्ट हीच निघाली, आणि ती दोघांपैकी एकाची नव्हती. एकरकमी अनुदानाची सगळी रक्कम स्लरीच्या अगदी पडेल भावातही तीन महिन्यांत भरून निघते. तरी आपली सगळी यंत्रणा त्या एकरकमी पैशाभोवती उभी आहे, कारण तो देता येतो, त्याची पावती फाडता येते, पेटलेल्या शेगडीशेजारी लाभार्थ्याचा फोटो काढता येतो. स्लरी मोजायला रोज कुणीतरी लागेल. दूध मोजायला आपण गावोगाव माणूस बसवला, सकाळ-संध्याकाळ, साठ-सत्तर वर्षं. ते करता आलं तर हेही करता येईल, असं म्हणायला मी धजावतो. पण दूध संघांना त्यात रस असेल का, ही वेगळी गोष्ट. आज तरी मला तो फारसा दिसत नाही.

मामा : एवढं कळतंय तर मग गॅसच्या मागे का लागलीस? पुसदचे पांढरीपांडे, ज्यांना नाडेपकाका म्हणायचे, त्यांनी साधी विटांची टाकी दिली. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, भिंतींना भोकं. शेण थोडं, काडीकचरा जास्त, माती. तीन-चार महिन्यांत खत. ना घुमट, ना पाइप, ना गळती. थोड्या शेणात पुष्कळ खत होतं, हेच तर त्यांनी दाखवलं.

भाची : थोड्या शेणात! माझा प्रश्न नेमका उलटा आहे, मामा. शेण जास्त आहे आणि काडीकचरा नाही. ऊस तुटला की पाचट पेटवतात किंवा जागेवर कुजवतात, गोठ्यापर्यंत कोण आणणार? आणि ती टाकी थरावर थर लावून भरायची. तुमच्या टाक्या कुणी भरल्या?

मामा : शेतकऱ्यांनी.

भाची : शेतकऱ्यांनी म्हणजे कुणी?

मामा काही बोलले नाहीत.

भाची : पहाटे चारला उठून शेण मी काढते. पाटी डोक्यावरून मी वाहते. सासूबाईंची कंबर त्यातच गेली. गोबरगॅसमध्ये शेण-पाणी कालवायचं असतं, गुठळ्या हातानं फोडायच्या असतात. तुम्ही लिहायचात ना, लाभार्थ्याची उदासीनता? लाभार्थी ज्याचं नाव अर्जावर होतं तो. शेण भरणारी दुसरीच होती. तिला कुणी विचारलं नाही की बाई, तुला हे झेपेल का. तिनं चार महिने भरलं आणि सोडलं. मी पण सोडलं असतं.

मामा : मग तू का घेतेस?

भाची : कारण मला अंगणातच गॅस पाहिजे असं नाही, मला कमी पाट्या पाहिजेत. गोठ्याला उतार देऊन खरवडणीनं शेण थेट कालवायच्या टाकीत जाईल, असं मी गवंड्याकडून आखून घेतलंय. पाणी वेगळं आणायला नको, गोठा धुतलेलं पाणीच त्यात जाईल. फिनेल मात्र बंद करायचं, नाहीतर जंतू मरतात आणि गॅस होत नाही. एवढं झालं तर सकाळचा माझा दीड तास वाचतो. हा दीड तास तुमच्या कुठल्या फॉर्ममध्ये लिहायचा?

मामांना हे पटलं की नाही, सांगता येत नाही. सरकारी नोकरीतला माणूस पटलेलं चटकन दाखवत नाही. पण पुढचे त्यांचे प्रश्न बदलले. अनुदान घ्यावं की नाही हा विषय त्यांनी सोडून दिला आणि ते कामाला लागले. थंडीत गॅस निम्म्यावर येतो, जंतूंना पस्तीस अंशांच्या आसपासची ऊब लागते, तर डिसेंबर-जानेवारीत पाणी तापवण्याचा भरवसा ठेवू नकोस. पाइपात पाणी साचतं, त्याला खालच्या बाजूला तोटी ठेव. शेगडी बायोगॅसचीच घे, सिलिंडरची चालत नाही. पाच वर्षं मोफत देखभाल कागदावर असते, ती करणाऱ्याचा फोन नंबर आधी घे, मग सही कर. एक सांगताना मात्र आवाज चढला. गाळ काढायला माणूस आत उतरवायचा नाही, कितीही घाई असली तरी. झाकण उघडून दिवस दिवस ठेवलं तरी नाही. खालच्या वायूनं माणूस हाक मारायच्या आत पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

मग मामांनी विचारलं, खड्डा कुठं घेणार.

भाची : गोठ्याच्या मागे, ओढ्याच्या बाजूला. तिकडेच उतार आहे.

मामा : २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?

भाची : गोठ्याच्या पायरीपर्यंत. जनावरं शाळेत नेली होती. २०२१ ला तेवढं नाही, पण मागचं आवार सगळं पाण्यात.

मामा : म्हणजे ऑगस्टमध्ये तुझा खड्डा पुराखाली. घुमट भरला, स्लरीची टाकी भरली, आणि वर्षभर जमवलेली घाण एका रात्रीत नदीला. धुऊन रोज थोडी सोडतेस ती परवडली. अर्जात जागेचा उतारा जोडलास, पूररेषा बघितलीस का?

भाची : अर्जात विचारलेलीच नाही.

मामा : नसेल विचारली. आणि दुसरं. जून ते सप्टेंबर स्लरी कोण घेणार? शेतात चिखल, टँकर आत जात नाही. साडेसातशे लिटर रोज. चार महिन्यांचे किती झाले?

भाची : नव्वद हजार लिटर.

मामा : नव्वद हजार लिटर साठवायची टाकी आहे का तुझ्या अडीच लाखांत?

भाची गप्प राहिली. मग म्हणाली, शेण पिळायचं मशीन घेतलं तर घट्ट भाग वेगळा निघतो, तो पत्र्याखाली वाळवता येतो, पातळ तेवढं उरतं आणि ते तीन एकर उसाला पाटानं सोडता येईल. मामा म्हणाले, भर पावसात उसाला सोडशील तर तेही वाहून ओढ्यालाच येईल. मशीनची किंमत तिनं काढली होती, ती संयंत्राच्या अनुदानाच्या कैक पट होती आणि त्या मशीनला या योजनेत रुपयाही नाही. कॅलिफोर्नियाची जी दुसरी योजना तिला आवडली होती ती नेमकी अशाच मशीनला पैसे देते, हे तिनं पुन्हा सांगितलं. मामांनी या वेळी त्यावर वाद घातला नाही.

मामा : उंचावर जागा आहे का कुठं? पायरीच्या वर.

भाची : रस्त्याकडेला आहे. चिंचेखाली. पण ती वाटणीत भाऊजींच्या वाट्याला गेलीय.

मामा : बोलणं आहे ना त्यांच्याशी?

भाची : दिवाळी-दसऱ्याला. जाऊबाईंशी रोज आहे.

मामा : मग जाऊबाईंपासून सुरू कर. पंधरा घनमीटर गॅस तुला जाळता येत नाही, आणि मला तो हवेत सोडू द्यायचा नाही. त्यांच्या चुलीला जोडणी दे, सासूबाईंच्या वेगळ्या चुलीला दे. त्या बदल्यात जागा माग. स्लरीही त्यांच्या उसाला जाईल, म्हणजे साठवायची तेवढी कमी. लेखी घे मात्र, स्टँपवर.

भाची : भाऊजी विचारतील, अनुदान कुणाला मिळणार.

मामा : अर्जात लाभार्थ्याचा रकाना एकच आहे.

भाची : हो. आणि त्यात सध्या ह्यांचं नाव आहे. ते खोडून मी माझं घालणार आहे.

मामा : जावईबापूंच्या नावावर गोठा आहे. उताऱ्याशी जुळलं नाही तर अर्ज परत येईल.

भाची : येऊ दे. तोवर जागेचं ठरतंय का बघते.